जुना एक्स-रे कुठे आहे?

घुग्घुस, बल्लारपूर, वणी, उमरेडच्या कोळसा खाणींतले कामगार आणि त्यांच्या घरची माणसं ऐकत असतील, तर एकच विचारतो. तुमचा मागचा छातीचा एक्स-रे कुठे आहे?

निदान दर पाच वर्षांनी तपासणी व्हायलाच हवी, हा १९५५ च्या खाण नियमांतला दंडक तुम्हाला ठाऊक आहे. बोलावणं आलं की जाता, फोटो काढता, नळीत फुंकता. तेही अर्धवट! शेवटपर्यंत फुंका हो, मेणबत्ती नाही विझवायची. मग ‘फिट’ ऐकलं की थेट चहाच्या टपरीवर. फोटोची चौकशीसुद्धा नाही.

तुमच्यातल्या पुष्कळांच्या घरी शेती आहे. शेजारी बांध एका रात्रीत सरकवत नाही, दर नांगरटीला वीतभर कोरतो. नुसतं बांधावर उभं राहून काही कळत नाही. मोजणीचा जुना नकाशा काढला की कळतं, किती गेलं ते. धूळ फुप्फुसात असाच बांध कोरते. छतात ड्रिल मारणाऱ्याच्या वाट्याला दगडातली सिलिका येते, ती जास्त खोडसाळ. सुरुवातीला दम नाही, खोकला नाही, फक्त फोटोवर बारीक ठिपके. ते वाढताहेत की तेवढेच आहेत, हे जुना फोटो शेजारी लावल्यावरच नीट कळतं. शेताचा बांध तहसीलला खेटे घालून कधीतरी परत मिळेल. फुप्फुसाचा नाही मिळत. पण वेळेत कळलं, तर माणसाला धुळीच्या कामावरून हलवता येतं.

सातबारा पेटीत जपता ना? मग एक्स-रेची प्रत मागा, तीही पेटीत ठेवा. निवृत्त होताना तर हटकून मागा. हा धुळीचा आजार नोकरी सुटल्यावरही डोकं वर काढतो. बाहेरच्या डॉक्टरला तुम्ही खाणीत होता हे माहीत नसतं, ठिपके पाहून तो क्षयाच्या गोळ्या सुरू करतो. सिलिकोसिसवाल्याला, म्हणजे सिलिकाच्या धुळीने फुप्फुस बिघडलेल्याला, खरोखरचा क्षयही लवकर गाठतो, म्हणजे थुंकी तपासायचीच, पण खाणीचं आधी सांगायचं. नुकसानभरपाईची तरतूद कायद्यात आहे. मागायला गेलात की पहिला प्रश्न कागदांचा येतो.

ठेकेदाराकडच्या पोरांचं तर... आज खाण बदलली, उद्या ठेकेदार. त्यांचे फोटो कोण सांभाळणार? तो विषय या दोन मिनिटांत मावणार नाही. बाळांनो, तूर्त एवढं करा. तपासणीचा ‘फॉर्म ओ’ असतो, त्याची प्रत मागा. आणि एक्स-रेची. पुन्हा सांगतो, एक्स-रेची.