शुद्ध केलेलं सांडपाणी आणि आपला ऊस



हवेली आणि दौंड तालुक्यांत बेबी कालव्यावर ज्यांची शेती आहे, ती मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. पुण्याचं सांडपाणी शुद्ध करून सोडतात म्हणे, मग पाटात फेस का येतो आणि मुळा-मुठेवर जलपर्णी का माजते? प्रश्न रास्त आहे.

केंद्रात काय घडतं ते आधी पाहू. मैलापाणी आलं की पहिल्यांदा जाळीवर चिंध्या, प्लॅस्टिक अडवतात. मग वाळू-खडे तळाला बसू देतात. पुढच्या मोठ्या टाकीत पाण्यात हवा घोळवतात. त्या हवेवर जिवाणू वाढतात आणि पाण्यातली घाण खातात. नंतर ते गाळ होऊन खाली बसतात आणि वरचं निवळलेलं पाणी क्लोरिन देऊन सोडतात. नदीला याचा मोठा आधार आहे. कच्चं मैलापाणी नदीत गेलं, तर तीच घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खर्ची पडतो आणि मासे गुदमरून मरतात.

पण ताक गाळलं म्हणून मीठ काही गाळणीत राहत नाही. तसंच इथं होतं. विरघळलेले क्षार जसेच्या तसे पुढे येतात आणि नत्र-स्फुरदही बरंचसं शिल्लक राहतं. जलपर्णी पोसते ती त्यावरच. पुढे भीमेतून तेच उजनीच्या जलाशयात जातं. शिवाय मुंढव्याला जॅकवेलमधून उपसून कालव्यात येतं ते निव्वळ केंद्राचं पाणी नव्हे, नदीचं पाणी आहे. काही नाले केंद्राकडे न जाता सरळ नदीत उतरतात आणि साबण-सोड्याचा अंशही त्यांतून येतो. जोराचा पाऊस झाला किंवा वीज गेली, की कच्चं पाणी आणखी वाढतं. तेव्हा 'शुद्ध' या शब्दावर विसंबून राहू नका.

आता खिशाचा हिशेब. समजा, पाण्यात लिटरमागे 20 मिलिग्रॅम नत्र आहे. उसाला 7 सेंटिमीटरची एक पाळी दिली, तर एकरी पावणेतीन लाख लिटरच्या वर पाणी बसतं. म्हणजे एका पाळीत साडेपाच किलोच्या वर नत्र आपोआप पडलं. अशा 10 पाळ्यांत ते 55 किलोच्या पुढे जातं, म्हणजे 45 किलोच्या युरियाच्या अडीच गोण्यांहून जास्त. त्यातलं सगळंच पिकाला लागू होत नाही, हे खरं. पण वरून शिफारशीचा पूर्ण डोस दिला, तर ऊस हिरवागार दिसतो आणि लोळतो. पक्वता लांबते, उतारा घटतो. दौंड भागातल्या गुऱ्हाळवाल्यांना सांगायला नको, अशा उसाचा गूळ काळपट होतो, ढेप नीट धरत नाही. पैसे घालून नुकसान विकत घ्यायचं, दुसरं काय! तेव्हा माती-पाण्याच्या तपासणीवरून युरिया कमी करा. मोठ्या बांधणीनंतर तर मुळीच देऊ नका.

क्षारांचं लक्षण उशिरा दिसतं. जमिनीवर पांढरा थर आला, की समजा उशीर झाला. पाण्याची विद्युतवाहकता 0.75 डेसिसायमनपर्यंत असेल तर सहसा अडचण नाही. 2.25 च्या वर गेली तर भारी काळ्या जमिनीला ते पाणी नकोच. मधल्या पाण्यासाठी चर काढून निचरा करा आणि जमेल तेव्हा विहिरीच्या गोड्या पाण्याची पाळी आलटून-पालटून द्या.

कोथिंबीर, मेथी, मुळा, काकडी या पाण्यावर घेऊ नका. कच्चं खाल्लं जाणारं पीक आहे, बाजारात कुणाच्या तरी लेकराच्या ताटात जातं. दारं धरताना पायात गमबूट घाला, घरी येताच साबणानं हातपाय धुवा. जनावरांना हे पाणी पाजू नका.

नमुना घ्यायचा तो पाट चांगला वाहता असताना. लिटरभराची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा, घट्ट बूच लावा. चिठ्ठीवर नाव, गाव, गट नंबर, तारीख आणि पीक लिहा. बाटली त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. एक नमुना उन्हाळ्यात आणि एक पावसाळा संपल्यावर, असे वर्षातून दोनदा द्या.