पूल थरथरतो, त्याची नोंद



2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात कोसळला. दोन एस.टी. गाड्या आणि त्यांतली माणसे अंधारात नदीत गेली. दगडी कमानींचा तो पूल 1928 सालचा. कोसळण्याआधी, 2016 च्याच मे महिन्यात त्याची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता. पाहणी करणाऱ्यांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. पाहणी एका दिवसाची असते आणि डोळ्यांना दिसेल तेवढ्याचीच असते. पूर आलेला असताना खांबाच्या पायाखालची वाळू आणि माती खरवडून निघते. त्या वेळी तिथे कोणी माणूस उतरू शकत नाही.

म्हणून माणूस नसताना पुलाची नोंद ठेवणाऱ्या छोट्या उपकरणांविषयी आज बोलायचे आहे.

वाहन गेले, वारा सुटला की प्रत्येक पूल थरथरतो. ही थरथर कशीही होत नाही. पुलाचे वजन किती आणि तो ताठ किती, यावर त्याचे सेकंदाला किती हेलकावे व्हायचे ते ठरते. तुळईला तडा गेला किंवा पाया सैल झाला, तर ताठपणा कमी होतो आणि हेलकाव्यांची गती मंदावते. पूर्वी गाडी स्टेशनात थांबली की रेल्वेचा कामगार लांब दांड्याची हातोडी घेऊन चाक अन् चाक ठोकत जाई; नाद बदलला की चाकात दोष आहे हे त्याला कळे. इथेही तत्त्व तेच आहे, फक्त हा नाद इतका खालचा असतो की तो आपल्या कानांना ऐकू येत नाही. तो टिपायला त्वरणमापक लागतो.

हाताशी असलेला मोबाइल आडवा केला की पडद्यावरचे चित्रही आडवे होते. ते करणारी चिप म्हणजे एक त्वरणमापकच. मोबाइल घरोघर पोहोचले तशी ही चिप कमालीची स्वस्त झाली. त्याआधी पुलावर सेन्सर बसवायचे म्हणजे संपूर्ण लांबीभर वायर ओढाव्या लागत, आणि उपकरणांपेक्षा त्या वायरींचाच खर्च जास्त होई. हाँगकाँगच्या त्सिंग मा या प्रचंड झुलत्या पुलावरच्या साडेतीनशेच्या आसपास सेन्सरना सुमारे 80 लाख डॉलर लागले. जिल्हा मार्गावरच्या ओढ्यावरील पुलासाठी एवढा पैसा कोण देणार?

2006 साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर वायर न ओढता 64 उपकरणे लावली. एकाने आपली नोंद शेजारच्याला द्यायची, त्याने पुढच्याला, अशी ती टोकापर्यंत पोहोचायची. 2009 मध्ये दक्षिण कोरियातल्या जिंदो पुलावर अशी 70 उपकरणे बसली, पुढच्या वर्षी ती 113 झाली.

मला मात्र सर्वांत मोलाचा वाटतो तो आपल्याकडचा प्रयोग. आयआयटी कानपूरमध्ये कामेश्वरी चेब्रोलू, भास्करन रामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेल्वेच्या पुलांसाठी 'ब्रिमॉन' नावाची रचना केली आणि 2008 साली ती जगापुढे मांडली. हे दोघे प्राध्यापक पुढे पवईच्या आयआयटीत आले. त्यांनी प्रश्नाचे मूळ नेमके ओळखले. आपले बहुतेक पूल गावापासून लांब असतात. तिथे वीज नसते, आणि बॅटरी बदलायला दर महिन्याला माणूस पाठवणे परवडत नाही. मग उपकरणाने बहुतेक वेळ झोपून राहायचे. गाडी येत असल्याची चाहूल लागली की जागे व्हायचे, गाडी पुलावरून जाताना थरथर टिपायची आणि पुन्हा झोपायचे. ती नोंद पोहोचवायची कशी? पुलावरून धावणाऱ्या गाडीतच ती घेणारे यंत्र ठेवायचे. गाडी पुलाला हलवणार आणि नोंदही घेऊन जाणार! हे काम प्रायोगिक स्वरूपाचे होते, पण आपल्या अडचणीतूनच उत्तर काढण्याची ती दृष्टी मला फार महत्त्वाची वाटते.

इथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. स्वित्झर्लंडमध्ये झेड-24 नावाचा एक पूल पाडायचा होता. 1997-98 मध्ये त्यावर जवळजवळ वर्षभर सेन्सर ठेवले आणि पाडण्याआधी त्याला मुद्दाम टप्प्याटप्प्याने इजा केली. तेव्हा दिसले की थंडीत डांबर गोठले की पूल ताठ होतो, आणि नुसत्या हवामानामुळे होणारा हा बदल इजेमुळे होणाऱ्या बदलाला झाकून टाकू शकतो. आपल्याकडे डांबर गोठत नसेल, पण वैशाखातला तापलेला पूल आणि पौषातल्या पहाटेचा पूल सारखा थरथरत नाही. म्हणजे आज सेन्सर बसवला आणि उद्या निदान झाले, असे होणार नाही. धडधाकट असतानाची, सगळ्या ऋतूंमधली नोंद हाती असेल तरच बिघाड वेगळा ओळखता येतो. पूल जुना झाल्यावर, भीती वाटू लागल्यावर सेन्सर आणले तर तुलना करायला काहीच नसते.

दुसरी गोष्ट अधिकाराची. मध्यरात्री इशारा आला, तर पूल बंद करण्याचा हुकूम कोण देणार, ते आधी ठरलेले हवे. सकाळी साहेब कचेरीत येईपर्यंत तो इशारा पडून राहणार असेल, तर त्यावर केलेला खर्च वाया गेला.

तेव्हा श्रोतेहो, तुमच्या तालुक्यात नवा पूल होत असेल, तर ग्रामसभेत, नगरपालिकेत, आमदारांना एक प्रश्न जरूर विचारा: या पुलाची पहिल्या वर्षाची नोंद कोण ठेवणार आणि ती आम्हाला कुठे पाहायला मिळेल? पुलाच्या निविदेतच ही अट घालायला लावा. काम पूर्ण झाल्यावर या नोंदीसाठी वेगळा पैसा सहसा मिळत नाही.