राज्याचा वकील कुणी नेमायचा?

अमेरिकेच्या 50 राज्यांपैकी 43 राज्यांत ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याचा सर्वोच्च विधी अधिकारी, लोकच मत देऊन निवडतात. आपल्याकडे महाधिवक्त्याची नेमणूक संविधानाच्या 165व्या कलमान्वये राज्यपाल करतात आणि त्यांची मर्जी असेपर्यंतच तो पदावर राहतो. त्यामुळे वकिलाने सभा घेत, जाहिराती करत मते मागत फिरावे, हे आपल्या श्रोत्यांना जरा चमत्कारिकच वाटेल. मला मात्र ही पद्धत तिच्या सगळ्या दोषांसकट पत्करण्यासारखी वाटते. मिसिसिपीत काय घडले ते पाहा. तिथले ॲटर्नी जनरल माइक मूर यांनी 1994 मध्ये सिगारेट कंपन्यांवर दावा लावला. धूम्रपानाने आजारी पडलेल्या गरिबांच्या औषधपाण्याचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो, तो कंपन्यांनी भरून द्यावा, एवढेच त्यांचे म्हणणे. गव्हर्नर कर्क फोर्डिस यांना हे इतके खटकले की दावा थांबवण्यासाठी ते स्वतःच कोर्टात गेले. मूर त्यांनी नेमलेले असते, तर एका पत्रात काम भागले असते! पण मूर लोकांनी निवडलेले होते आणि दावा टिकला. बाकीची राज्ये मागोमाग आली. 1997 मध्ये मिसिसिपीशी वेगळी तडजोड झाली आणि 1998 मध्ये 46 राज्यांना पहिल्या 25 वर्षांत सुमारे 206 अब्ज डॉलर देण्याचे कंपन्यांनी कबूल केले. त्यातला बराच पैसा राज्यांनी पुढे भलतीकडेच खर्च केला, तो भाग निराळा.

यावर कुणी म्हणेल, निवडणूक आली की पक्ष आला, देणग्या आल्या. खरे आहे. डिसेंबर 2020 मध्ये टेक्ससचे ॲटर्नी जनरल केन पॅक्स्टन इतर चार राज्यांतले अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल उलटवायला सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 17 राज्यांनी त्यांना पाठिंबा दिला. त्या सर्वांचे ॲटर्नी जनरल रिपब्लिकन होते. न्यायालयाने दावा ऐकूनही घेतला नाही. पण नेमलेला माणूस पक्षाबाहेरचा असतो, हे कुणी सांगितले? त्याला तर एकाच माणसाला खूश ठेवायचे असते.

दुसरा आक्षेप असा, की मतदाराला कायद्यातले काय कळते? कलमे कळोत न कळोत, ती कुणी आणि कशी वापरावीत हे तो ठरवू शकतो. ॲरिझोनात 2022 मध्ये सुमारे 25 लाख मतांतून क्रिस मेज ॲटर्नी जनरल म्हणून अवघ्या 280 मतांनी निवडून आल्या. एप्रिल 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1864 चा, म्हणजे ॲरिझोना राज्य होण्याच्याही आधीचा, गर्भपातबंदीचा कायदा पुन्हा लागू होऊ शकतो असा निकाल दिला. आपण पदावर असेपर्यंत या कायद्याखाली एकाही स्त्रीवर वा डॉक्टरवर खटला भरला जाणार नाही, असे मेज यांनी लगेच जाहीर केले. पुढच्याच महिन्यात तो कायदा रद्द करण्यावर गव्हर्नरांची सही झाली. मेज यांची ही भूमिका अनेकांना पटणार नाही. अशांना पुढच्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध मत देता येते.