तापलेल्या मिठातले स्टेनलेस
(गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)

कार्यवाहांनी सोपे बोला असे बजावले आहे, आणि पुढच्या रांगेत माझेच सहकारी बसलेत. म्हणजे चुकलो तर लगेच पकडला जाणार!

आजचे मीठ जेवणातले नव्हे. 60 टक्के सोडियम नायट्रेट आणि 40 टक्के पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे फटाक्यांतला सोरा. सूर्याच्या उष्णतेने हे वितळलेले मिश्रण 565 अंश सेल्सियसपर्यंत तापवून टाकीत साठवायचे आणि रात्री त्यावर वाफ करून वीज काढायची. अमेरिकेत नेवाडामध्ये क्रेसेंट ड्यून्स हा असा 110 मेगावॅटचा प्रकल्प 2015 साली सुरू झाला. 2016 मध्ये त्याची गरम टाकी गळली आणि प्रकल्प कित्येक महिने बंद राहिला.

मिठाने स्टेनलेस खाल्ले, असे कुणालाही वाटेल. पण 347एच जातीचा तुकडा या मिठात टांगून ठेवला, तर वर्षाला काही मायक्रॉनच झिजतो. अहवाल उत्तम येतो. गोम अशी, की टांगलेला तुकडा निवांत असतो, टाकीचा तळ नसतो. चाळीस मीटर व्यासाचा तळ इतका तापला की फुटाहून अधिक पसरतो. वर हजारो टन मीठ, खाली पायाचे घर्षण. त्यात वेल्डिंगच्या वेळी जोडात अडकून राहिलेला ताण. तापल्यावर हा ताण सैल होऊ पाहतो, पण त्याच वेळी नायोबियम कार्बाइडचे सूक्ष्म कण धातूच्या स्फटिकांना आतून ताठर करतात. मग सगळी ओढ स्फटिकांमधल्या सीमांवर येते आणि तिथे भेग पडते. मीठ फक्त त्या भेगेतून बाहेर येते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. मिठाचे नव्हे, पण अशाच तापमानाच्या एका जाड 347 नळीच्या जोडावर माझी सही होती. एक्स-रे फिल्म अगदी स्वच्छ. सव्वा वर्षाने जोडाच्या कडेला भेग निघाली. सुदैवाने कुणी भाजले नाही. त्या रात्री मी फिल्म पुन्हा काढून पाहिली. तेव्हाही स्वच्छच होती. भेग नंतर जन्मली होती.

उपाय आहे: जोड सुमारे 900 अंशांवर तापवून ताण काढणे. नळीला ते जमते, एवढ्या मोठ्या तळाला कसे जमणार? म्हणून आता नायोबियम नसलेली 16-8-2 जातीची वेल्डिंग सळई तपासली जाते, आणि टाकी अगदी सावकाश तापवतात. बाकीचे प्रश्न आरतीनंतर विचारा.