पाण्याखालचं गाव आणि एकटा स्वार



मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला देशात आतित्लान नावाचा तलाव आहे. ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखात पाणी साचून तो झाला. काठावर तीन ज्वालामुखी उभे आहेत. मोटारसायकलवर एकटेच निघालेले लोक डोंगर चढून तिथे पोचतात.

तसे एकटे स्वार आपल्या गणेशगुडीतूनही जातात. जोयडा, कुंभारवाडा, अणशी घाट, कद्रा करत कारवारला समुद्र गाठतात. सुपा धरणाचं पाणी पाहून म्हणतात, 'काय सुंदर तलाव!'

पण आपला तलाव ज्वालामुखीने केलेला नाही. काळी नदीवर 101 मीटर उंचीचं धरण बांधलं, तेव्हा तो झाला. त्याच्या तळाशी सुपा गाव आहे. तालुक्याचं ठाणं जोयड्याला गेलं, कित्येक घरं रामनगरला वसली. त्याच पाण्यावर वीज होते, आणि आम्हा नोकरदारांची इथली बिऱ्हाडंही त्या धरणामुळेच थाटली गेली. ही जाण आम्ही ठेवायलाच हवी.

एकट्या प्रवाशाला रस्ता नकाशा दाखवतो. गाव मात्र माणसंच दाखवतात. म्हणून एक विनंती. कुणी स्वार चहाला थांबला, तर पुढचा घाट दिवसाउजेडी उतरायला सांगू या, आणि पाण्याखालच्या गावाचं नावही सांगू या. आपल्या मुलांना तर ते आधी सांगू या. जुनं सुपा डोळ्यांनी पाहिलेली वडीलधारी मंडळी अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारायचं राहून जायला नको.