नाकारलेला दावा आणि मोफत वकील



हसनाबादच्या माणसाला मोठा आजार झाला म्हणजे त्याची वाट जालन्याकडे किंवा छत्रपती संभाजीनगरकडे वळते. दागिने मोडले जातात, उसनवारी होते, आणि रुग्ण घरी परतल्यावर काही आठवड्यांनी विमा कंपनीचे पत्र येते. पत्र इंग्रजीत असते. अमुक कलमान्वये दावा अमान्य करण्यात येत आहे, एवढाच त्याचा आशय. शाळेतील गुरुजींकडे ते नेले तर गुरुजी शब्द वाचून दाखवितात. परंतु ते कलम ज्या पुस्तिकेत आहे ती पुस्तिका कोणाजवळच नसते. पत्र ट्रंकेत जाते. कोणत्याही न्यायाधीशाने ऐकलेला नसताना त्या कुटुंबाचा खटला तेथेच निकालात निघतो.

ही कंपन्यांविरुद्धची नेहमीची ओरड आहे असे ज्यांना वाटेल, त्यांनी राज्य शासनाचीच साक्ष काढावी. शेतकऱ्यांच्या अपघाती मृत्यूसाठी महाराष्ट्रात २००५ पासून विमा योजना होती. पुढे तिला गोपीनाथ मुंडे यांचे नाव देण्यात आले. हप्ता शासन भरी आणि दावा मात्र कंपनी तपाशी. क्षुल्लक त्रुटींवरून दावे फेटाळले गेले आणि अनेक वारसांना ग्राहक न्यायालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. अखेर एप्रिल २०२३ मध्ये शासनाने विमा कंपनीला मधून काढले आणि सानुग्रह अनुदान स्वतःच देण्याचे ठरविले. सरकारसारखा ग्राहक जेथे कंटाळला, तेथे एकट्या रुग्णाची काय कथा?

दावा नाकारण्याचे सर्वांत लाडके कारण म्हणजे ‘पूर्वीपासूनचा आजार’. याचा पुरावा बहुधा इस्पितळाच्या केसपेपरवरील एका ओळीत सापडतो. घाईत असलेला शिकाऊ डॉक्टर विचारतो, ‘मधुमेह कधीपासून?’ भांबावलेला भाऊ सांगतो, ‘असेल पाच-सहा वर्षांचा.’ हा अंदाज कागदावर उतरतो आणि पुढे कंपनीच्या हाती शस्त्र होतो. दुसरीकडे प्रस्ताव-अर्जाची हकीकत निराळीच. प्रत्येक प्रश्नापुढे एजंट ‘नाही’ लिहितो आणि सही घेतो. महत्त्वाची गोष्ट दडविली तर दावा नाकारता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सांगितले आहे. म्हणून अर्ज वाचल्याशिवाय सही करू नये, हे गावोगाव सांगितलेच पाहिजे. परंतु ज्याने आजार प्रामाणिकपणे सांगितला आणि कंपनीने ते जाणून पॉलिसी दिली, त्याचा दावा नंतर त्याच आजाराच्या नावाने फेटाळता येणार नाही, हाही याच न्यायालयाचा २०२१ चा निर्णय आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे पॉलिसी सलग साठ महिने चालू राहिली की लबाडी सिद्ध झाल्याखेरीज माहिती दडविल्याचा आक्षेप घेता येत नाही. शिवाय कंपनीच्या दावा-पुनर्विलोकन समितीच्या संमतीवाचून दावा नाकारता येत नाही. हे कंपनीला पक्के ठाऊक असते. रुग्णाला कोणी सांगतच नाही.

दाद मागण्याची दारे वस्तुतः उघडी आहेत आणि त्यांवर शुल्कही नाही. कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर वाट पाहिल्यावर विमा लोकपालाकडे जाता येते. मराठवाड्यासाठी त्याचे कार्यालय पुण्यास आहे. कंपनीचा अंतिम नकार आल्यापासून वर्षाच्या आत जावे लागते. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. लोकपालापुढे वकील उभा करता येत नाही. म्हणजे गरिबाला तेथे हवा असतो तो चांगला अर्ज लिहून देणारा माणूस. दुसरे दार जिल्हा ग्राहक आयोगाचे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दावा लावण्याची मुभा दिली, त्यामुळे हसनाबादकराने मुंबई गाठण्याचे कारण उरले नाही. येथे शुल्क ठरते ते भरलेल्या मोबदल्यावर, म्हणजे हप्त्यावर. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. मुदत दोन वर्षांची. विधी सेवा प्राधिकरण कायद्यात २००२ साली दुरुस्ती होऊन आलेल्या कायम लोकअदालतीच्या कक्षेतही विमा आणि इस्पितळ या दोन्ही सेवा येतात.

मग अडते कोठे? अडते ते कागदापाशी आणि वकिलाच्या फीपाशी. इथेच संविधानाचे कलम ३९ अ पुढे येते. याचा इतिहास समाजवाद्यांनी विसरू नये असा आहे. १९७६ मध्ये देशातील विरोधक तुरुंगात असताना ४२ वी घटनादुरुस्ती झाली. तिने न्यायालयांचे हात बांधले, उद्देशिकेत ‘समाजवादी’ हा शब्द घातला, आणि त्याच गाठोड्यातून मोफत कायदेसाहाय्याचे हे कलमही आले. जनता राजवटीने त्या दुरुस्तीचा बराच भाग मोडून काढला, परंतु हे कलम ठेवले. आणि ते ठेवणे योग्यच होते. १९७८ साली होस्कोट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गरीब कैद्याला वकील देणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि स्त्रिया यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नमर्यादेच्या आत. पॉलिसी जर घरातील स्त्रीच्या नावावर असेल तर उत्पन्नाचा प्रश्नच येत नाही, एवढी साधी गोष्टही किती थोड्यांना माहीत आहे!

काही साथी विचारतात की विमा हाच मुळी भांडवली उपाय. सरकारी दवाखाना सुधारण्याऐवजी कंपनीच्या पुस्तिकेतील कलमांवर शक्ती का दवडावी? आक्षेपात तथ्य आहे. जिल्हा रुग्णालयात यंत्र आहे तर तंत्रज्ञ नाही, ही स्थिती बदलल्यावाचून प्रश्न सुटणार नाही. तथापि ज्याच्या डोक्यावर आज इस्पितळाचे बिल आहे, त्याचे व्याज त्या बदलासाठी थांबत नाही. हप्ता त्याने घामाच्या पैशातून भरलेला आहे. तो पैसा परत मागणे भांडवलशाहीला शरण जाणे कसे ठरते, हे समजणे कठीण आहे.

महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत तर नकाराला कागदही नसतो. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. आता तिचे संरक्षण कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत वाढलेले आहे. परंतु खिडकीवरचा माणूस तोंडी सांगतो, ‘योजनेत बसत नाही’, आणि नातेवाईक निमूटपणे पैसे जमवू लागतात. तोंडी नकाराविरुद्ध अपील होत नाही. म्हणून कार्यकर्त्याने इस्पितळातील आरोग्यमित्राकडून नकार आणि त्याचे कारण लेखी मागावे, न दिल्यास त्याच दिवशी तशी लेखी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करून पोच घ्यावी.

हसनाबादेत याचा आरंभ बाजाराच्या दिवशी एका टेबलाने होऊ शकतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ पासून विधी स्वयंसेवकांची योजना चालविली आहे. तालुका विधी सेवा समितीकडे अशा स्वयंसेवकाची मागणी करावी, आणि गावातील शिकलेल्या तरुण-तरुणींची नावेही त्यासाठी द्यावीत. टेबलावर येणाऱ्या प्रत्येकाकडून पॉलिसी, प्रस्ताव-अर्जाची प्रत, केसपेपर, बिले आणि नकाराचे पत्र एवढे कागद गोळा करावेत. पत्राची तारीख वहीत सर्वांत आधी नोंदवावी, कारण वर्षाची मुदत तिथूनच मोजली जाते. प्रस्ताव-अर्जाची प्रत जवळ नसेल तर ती कंपनीकडे लेखी मागावी. १ जानेवारी २०२४ पासून पॉलिसीची माहितीपत्रिका ग्राहकाला स्वतःच्या भाषेत मागता येते. तीही मराठीत मागावी. वकिलासाठीच्या अर्जाला तहसीलच्या उत्पन्न-दाखल्यावाचून खोळंबून बसण्याचे कारण नाही. उत्पन्नाबाबतचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येते, अशी तरतूद कायद्याच्या कलम १३ मध्येच आहे.