साठचा बल्ब


केममध्ये संध्याकाळी व्होल्टेज पडलं की साठचा बल्ब निखाऱ्यासारखा लाल व्हायचा. दहावीचा अभ्यास आपण त्याच उजेडात केला. त्याची बहुतेक वीज उष्णतेतच जायची.

2015 साली सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत एलईडी बल्ब स्वस्तात मिळू लागले. रोज पाच तास लावला तर 60 वॅटचा बल्ब महिन्याला 9 युनिट खातो. 9 वॅटचा एलईडी दीड युनिटही नाही. बंदीची वाट न पाहता जुना बल्ब घरांतून गेला.

पण बिघडलेला एलईडी त्यातल्या सर्किटसकट उकिरड्यावर जातो. म्हणून एक विनंती. शाळेत बंद पडलेल्या बल्बांसाठी पेटी ठेवू या. पेटी भरली की ई-कचरा घेणाऱ्यांकडे पोहोचवायची जबाबदारी माझी.